सोयरिकीचे दोन नकाशे : नांदेड व लातूर सीमाभागातील विवाहव्यवहार

विवाहाच्या प्रमाणात प्रदेशपरत्वे भेद का पडतो, हा प्रश्न युरोपच्या इतिहासात जॉन हायनल याने १९६५ साली एका रेषेच्या रूपाने मांडला. लेनिनग्राडपासून त्रिएस्तपर्यंत ओढलेल्या त्या रेषेच्या पश्चिमेस लोक उशिरा विवाह करीत व पुष्कळजण आजन्म अविवाहित राहत. पूर्वेस विवाह लवकर होई व बहुतेक सर्वांचाच होई. मराठवाड्यास अशी रेषा जशीच्या तशी लावता येत नाही. येथे विवाह जवळजवळ सार्वत्रिक आहे. म्हणून येथील भेद ‘विवाह झाला की नाही’ यात न शोधता ‘तो कोणाशी झाला’ आणि ‘केव्हा झाला’ या दोन प्रश्नांत शोधावा लागतो. या दोहोंची उत्तरे ‘रूढी’ या एकाच शब्दात गुंडाळण्याचा प्रघात आहे. परंतु नांदेड व लातूर या सीमावर्ती जिल्ह्यांचा विचार केला असता दोहोंचे नकाशे भिन्न असल्याचे दिसून येते.

प्रथम तुलनेचे एकक तपासले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली, तेव्हा मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून वगळण्यात आली. उलट, आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका मराठवाड्याकडे आला. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तोवर बिदर जिल्ह्यात होते. ते उस्मानाबादेस जोडले गेले आणि पुढे १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा स्वतंत्र झाला. म्हणजेच १९५१ च्या जनगणनेतील ‘नांदेड’ आणि आजचे ‘नांदेड’ हे दोन भिन्न भूप्रदेश होत. सीमा सरकली म्हणून सोयरीक तुटत नाही. देगलूर-बिलोलीची नाती तेलुगू मुलखात आणि उदगीर-निलंग्याची नाती बिदरकडे पूर्वीपासून गुंतलेली आहेत.

‘कोणाशी’ या प्रश्नाचा पुरावा भाषेतच साठलेला आहे. मराठीत ‘सासरा’ व ‘सासू’ हे निर्देशवाचक शब्द संस्कृत श्वशुर व श्वश्रू यांच्यापासून आलेले आहेत. परंतु संबोधनाची रीत निराळी आहे. अनेक मराठी घरांत सून सासऱ्यास ‘मामा’ किंवा ‘मामंजी’ म्हणते आणि सासूस ‘आत्या’ किंवा ‘आत्याबाई’ म्हणते. तेलुगूत ‘मामा’ हा एकच शब्द आईच्या भावास व सासऱ्यास लागतो, आणि ‘अत्त’ हा शब्द बापाच्या बहिणीस व सासूस लागतो. कन्नड ‘माव’ व ‘अत्ते’ यांचीही स्थिती तीच आहे. हिंदीतील ‘बुआ’ वा ‘फूफी’ यांना असा दुहेरी अर्थ नाही. तात्पर्य, निर्देशाचे शब्द उत्तरेकडचे, परंतु संबोधनाची व्यवस्था दक्षिणेकडची, अशी मराठीची घडण आहे.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेसंबंधांची जी विभागणी केली, तीत महाराष्ट्र मध्य विभागात येतो, तो याच संमिश्रतेमुळे. मराठा-कुणबी समाजात मामेबहिणीशी विवाह संमत, तर आतेबहिणीशी निषिद्ध, हा एकेरी नियम त्यांनी नोंदविला. आत्याच्या घरी भाची सून म्हणून जाते, तेव्हा सासूस ‘आत्या’ म्हणणे हे केवळ आदराचे संबोधन न राहता वस्तुस्थितीचे कथन ठरते. तेलुगू व कन्नड मुलखात मात्र दोन्ही बाजूंची भावंडे चालतात; इतकेच नव्हे, तर कित्येक जातींत थोरल्या बहिणीची मुलगीही चालते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने अशी नाती निषिद्ध ठरविली खरी, परंतु जेथे रूढीची मान्यता आहे तेथे ती वैध मानली. एकाच कायद्याचा अर्थ प्रदेशाच्या रूढीप्रमाणे बदलतो, तो असा.

आता ‘केव्हा’ या प्रश्नाकडे वळू. बालविवाहास आळा घालणारा १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. निजामाच्या राज्यास तो लागू नव्हता. ही पिछाडी ध्यानात घेण्याजोगी आहे, तथापि तेवढ्याने आजचे चित्र उलगडत नाही. नात्यातील लग्ने हेच अल्पवयीन विवाहाचे मूळ, असेही म्हटले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षापूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर तमिळनाडूत १२.८ टक्के आढळले. नात्यातील विवाह मात्र तमिळनाडूत देशातील सर्वाधिकांपैकी आहेत. शिवाय मराठवाड्यात हे प्रमाण अतिशय चढे दिसते ते परभणी व बीड या जिल्ह्यांत, आणि हे दोन्ही जिल्हे तेलुगू वा कन्नड सीमेवर नाहीत. नातेव्यवस्था हेच कारण असते, तर नकाशा नेमका उलटा दिसला असता.

बालाघाटाच्या कोरडवाहू पट्ट्यात, म्हणजे बीडपासून अहमदपूर, कंधार व मुखेडपर्यंत, वेगळे कारण संभवते. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवरा-बायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात, आणि मुकादम उचल देतो ती या जोडीच्या हिशेबाने. एकट्या पुरुषास अर्धा कोयता मानले जाते. जेथे मजुरीचे एकक दांपत्य आहे, तेथे विवाह लवकर उरकण्यास रोकड कारण मिळते. आणि आईबाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी घरी ठेवण्याची चिंता त्यात भर घालते.

याच कारणाने कुटुंबाची गणनाही फसवी होते. २०११ ची लोकगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, ऐन गळीत हंगामात झाली. अशा वेळी गावी आजी-आजोबांजवळ राहिलेले मूल आईबापांविना असलेल्या घरात मोजले जाते, वस्तुतः त्याच्या आईबापांचा संसार अभंग असला तरी. कोष्टकात जे विस्कळीत कुटुंब दिसते, ते तुटलेल्या विवाहाचेच असेल असे नाही. ते हंगामी स्थलांतराचेही असू शकते.

म्हणून मराठवाड्याच्या विवाहेतिहासात भाषेची सीमा व पावसाची सीमा या दोन निराळ्या रेषा मानल्या पाहिजेत. पहिली सोयरीक कोणत्या घरी जुळेल हे सुचविते. दुसरी ती कोणत्या वयात उरकली जाईल यावर दाब आणते. हा विवेक केवळ शास्त्रीय काटेकोरपणासाठी नाही. अल्पवयीन विवाहाचा सारा दोष रूढीच्या माथी मारल्यास उपायही उपदेशाचेच सुचतात, आणि वसतिगृह, गावातील शाळा, पाणी व मजुरीचा करार हे प्रश्न कागदाबाहेर राहतात.