जिवतीच्या शाळांतील इंग्रजी आणि यंत्रे

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला माणिकगडच्या डोंगररांगांत वसलेला जिवती तालुका पूर्वी राजुरा तालुक्याचा भाग होता आणि हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने येथील शिक्षणामागे उर्दू, तेलुगू व मराठी या तिन्ही भाषांचा इतिहास आहे. घरी गोंडी किंवा कोलामी या द्राविड कुळातील भाषा बोलणाऱ्या मुलाला शाळेतील मराठीच दुसरी भाषा ठरते. २००० साली राज्याने पहिलीपासून इंग्रजी आणली, तेव्हा ती म्हणूनच येथे तिसरी भाषा होऊन आली.

अशी तिसरी भाषा शिकवताना यंत्राची मदत होऊ शकते. आंतरक्रियात्मक रेडिओ, म्हणजे प्रश्नानंतर वर्गाच्या उत्तरासाठी विराम सोडणारे ध्वनिपाठ, केनियात १९८० च्या दशकात इंग्रजीसाठी वापरले गेले आणि पुढे पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने महाराष्ट्रातील शाळांसाठी तीच वाट धरली. या पद्धतीचे मोल मोठे आहे, कारण शिक्षकाचा उच्चार कच्चा असला तरी मुलांच्या कानी नीट इंग्रजी पडते आणि त्यांना तत्काळ बोलावे लागते. २०१७ मध्ये आलेल्या ‘दीक्षा’ या डिजिटल शिक्षण मंचाची पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेतचिन्हे मात्र स्मार्टफोन व इंटरनेट मागतात, आणि डोंगरातील गुड्यांवर, म्हणजे लहान आदिवासी वस्त्यांवर, या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. म्हणून जिवतीला आधी गोंडी आणि कोलामीतून इंग्रजी समजावणारे ध्वनिपाठ हवेत.