दगडातले पूर्वज, देव्हाऱ्यातले पूर्वज

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पूर्वजाची प्रतिमा दोन ठिकाणी आढळते: देवळाच्या आवारातल्या दगडावर आणि घरच्या देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकावर. दगडाची परंपरा अधिक जुनी. शिलाहार आणि यादवांच्या राजवटीत, साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकांत, लढाईत किंवा गुरे सोडवताना कामी आलेल्या माणसाच्या नावे वीरगळ उभारला जाई. वाई तालुक्यातल्या किकलीत भैरवनाथ मंदिराच्या आवारात इतके वीरगळ आहेत की हे वीरगळांचे गाव म्हणूनच ओळखले जाते.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गायी कोरल्या असतील, तर गोधनाच्या रक्षणात त्याला मरण आले असे समजावे. त्यावरच्या चौकटीत ढाल-तलवारीची झुंज, पुढच्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. ते आकाशात आहेत तोवर या माणसाची कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ. सती गेलेल्या स्त्रीची शिळा वेगळी. तिच्यावर कोपरात दुमडलेला, बांगड्यांनी भरलेला एक हात कोरलेला असतो. बाईची ओळख तेवढ्या हातावर भागवलेली दिसते.

चेहरा कोरण्याचा खटाटोप पाथरवटाने केलेला नाही. इथला काळा बसाल्ट कठीण, त्यात बारीक नाकडोळे काढणे कष्टाचे. पण खरे कारण वेगळे असावे. गावाला वीर हवा होता, अमुक एका माणसाचे हुबेहूब रूप नको होते. कर्नाटकातल्या वीरगळांवर नाव, गाव आणि प्रसंग सांगणारे लेख पुष्कळ. महाराष्ट्रात ते क्वचित. त्यामुळे दगड कोणाचा हे घराण्याच्या आठवणीवरच अवलंबून राहिले. काही पिढ्यांत आठवण पुसली, घराणे दुसरीकडे गेले, पण पूजा थांबली नाही. दगडाला तेल-शेंदूर लागत गेला आणि कोणाचा तरी खापरपणजोबा गावाचा म्हसोबा किंवा वेताळ झाला. शेंदराचा थर बोटभर जाड झाल्यावर खालचे कोरीव काम दिसेनासे होते.

घरातल्या पूर्वजाच्या बाबतीत असे सहसा होत नाही, कारण त्याला दरवर्षी हातात घेऊन घासावे लागते. टाक म्हणजे तळहातावर मावणारा, ठसा उठवलेला धातूचा पत्रा. सोनाराकडे धातूचे कोरलेले ठसे असत. चांदीचा पातळ पत्रा तापवून नरम करायचा, ठशावर ठोकून आकृती उठवायची, मग डोळे, मिशा, तलवारीची मूठ बारीक हत्याराने उठावदार करायची. बऱ्याचदा मागची पोकळी भरून तांब्याचा पत्रा बसवीत. ऐपत नसलेल्या घरात चांदीऐवजी पितळेवर भागे.

देव्हाऱ्यात खंडोबा, भवानी, जोतिबा यांच्या ओळीतच घरचे मृत बसतात. घोडेस्वार किंवा तलवार घेतलेला पुरुष, नवरा-बायकोची जोडी, लग्नाआधी गेलेला मुलगा, असे ठसे ठरलेले. इथेही चेहरा कोणाचाच नाही. हा टाक कोणाचा हे घरातली म्हातारी माणसेच सांगतात. पहिली बायको वारल्यावर घरात आलेली दुसरी बायको सवतीचा छोटा टाक गळ्यात घालीत असे. मेलेल्या सवतीने त्रास देऊ नये हा हेतू. पण त्यामुळे तिला घरात जागाही राहिली.

नवरात्रापूर्वी टाक चिंचेने उजळतात आणि घटाजवळ विड्याच्या पानावर बसवतात. भाऊ वेगळे झाले की जुने देव थोरल्याकडे राहतात आणि धाकटा नवे करून घेतो. नवे टाक जेजुरीला किंवा कऱ्हाड तालुक्यातल्या पालीला देवभेटीसाठी नेण्याची चाल आहे. वर्षानुवर्षे घासून झिजलेला टाक मोडून त्याच चांदीत भर घालून नवा घडवला जातो, नाहीतर नदीत सोडला जातो. म्हणूनच फार जुने टाक घरांत कमी उरले. तरीही हा रिवाज ठरलेल्या घरात राहण्यावर अवलंबून नाही. सांगलीच्या दुष्काळी भागातली, विशेषतः खानापूर तालुक्यातली गलाई कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. दगडी वीर गावात सोडून जावे लागते, टाक मात्र गाठोड्यात मावतो.

विसाव्या शतकात छायाचित्र आले आणि पूर्वजाला प्रथमच स्वतःचा चेहरा मिळाला. भिंतीवरची हार घातलेली तसबीर, मग चौकातला अर्धपुतळा, असा प्रवास झाला. टाक मात्र टिकले. आता बरेचसे यंत्रावर ठोकलेले असतात.

वीरगळांची अवस्था बिकट आहे. काही बांधकामात पायरी म्हणून बसले, काही धुण्याचे दगड झाले, काहींवर जीर्णोद्धाराच्या उत्साहात ऑइलपेंट चढला. शंभर वर्षांहून जुने कोरीव शिल्प 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते; परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. घरचा शंभरी ओलांडलेला टाकही त्याच व्याख्येत बसतो.