ओव्हरले गट

व्हिडिओ संकलनात मूळ दृश्याच्या वरच्या ट्रॅकवर ठेवलेले मजकूर, पट्टी, बोधचिन्ह यांसारखे घटक एकत्र बांधण्याची सोय. गट केल्यावर त्यातला एक घटक टाइमलाइनवर सरकवला की बाकीचेही त्याच्याबरोबर सरकतात.

दिल्लीतील द्वारका सेक्टर २१ या मेट्रो स्थानकावरचा वृत्तांत उदाहरणादाखल घेता येईल. तेथे ब्लू लाइन संपते आणि तिला एअरपोर्ट एक्स्प्रेस मिळते. ही दुसरी मार्गिका १७ सप्टेंबर २०२३ पासून पुढे यशोभूमीपर्यंत जाते. साहजिकच स्थानकाच्या नावाखाली मार्गिकांची नावेही द्यावी लागतात. वृत्तवाहिन्यांत अशा नावपट्टीला ‘अ‍ॅस्टन’ म्हणतात. पट्टी, नाव, मार्गिका आणि चिन्ह अशा चार क्लिप झाल्या. निवेदन लांबले म्हणून दृश्य १२ फ्रेम पुढे ढकलले (सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास जेमतेम अर्धा सेकंद) आणि गट केलेला नसेल, तर एखादी क्लिप हमखास जागीच राहते. मग पट्टी यायच्या आधीच अक्षरे पडद्यावर हजर!

प्रीमिअर प्रो व केडेनलाइव्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घटक निवडून कंट्रोल-जी दाबले की गट होतो. सोबत शिफ्ट दाबले की सुटतो. प्रीमिअरमध्ये ऑल्ट धरून क्लिक केल्यास गटातली एकच क्लिप हाती येते.

मात्र असा गट मुख्यतः वेळेपुरता असतो, हे नवशिक्यांच्या उशिरा लक्षात येते. प्रीमिअरमध्ये गटाला एकत्रित इफेक्ट लावता येत नाही. चारही क्लिपची अपारदर्शकता सुटी सुटी ५० टक्के केली, तर अक्षरांतून मागची पट्टी दिसू लागते. आकार घटवताना प्रत्येक क्लिप आपल्याच अँकर पॉइंटभोवती आक्रसते. हे बिंदू वेगवेगळे असले की मांडणी विस्कटते. अशा वेळी ‘नेस्ट’ करावे. मग चार क्लिप मिळून एकच चित्र बनते. फायनल कट प्रो व डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये याला ‘कंपाउंड क्लिप’, तर आफ्टर इफेक्ट्समध्ये ‘प्री-कॉम्प’ म्हणतात. प्रीमिअरमध्ये एकच नेस्ट मराठी व इंग्रजी अशा दोन आवृत्त्यांत वापरला असेल, तर इंग्रजी आवृत्तीसाठी आत केलेला बदल मराठी आवृत्तीतही उमटतो. म्हणून आधी त्याची स्वतंत्र प्रत काढावी.

फिल्मवर थर असे सुटे ठेवण्याची मुभा नव्हती. दादासाहेब फाळके यांच्या काळी एकाच फिल्मवर दोनदा छायांकन करून चमत्कारदृश्ये साधत. एकदा उमटलेले थर पुन्हा वेगळे होत नसत. आजही व्हिडिओ एक्स्पोर्ट केला की ओव्हरले चित्रातच मुरतात. म्हणून प्रोजेक्ट फाइलबरोबर ग्राफिक्सविरहित ‘क्लीन’ प्रतही जपून ठेवतात.