ठोके सुधारले, रुग्णाचं काय?

हृदयाचे ठोके अनियमित पडत होते, गोळी सुरू झाली, पुढच्या ईसीजीत ठोके ओळीत दिसले. आता धोका टळला, असं घरचे धरून चालतात. ही समजूत अडाणीपणाची म्हणून उडवून लावता येत नाही. १९८० च्या दशकात नामवंत हृदयतज्ज्ञही असंच मानत होते, आणि त्यांच्यापाशी आधार होता. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून जादा ठोके पडतात, ते अचानक दगावण्याचं प्रमाण जास्त असतं, हे निरीक्षण खरंच आहे. मग जादा ठोके दाबले की मृत्यूही कमी होणार, हे ओघानेच आलं.

हा तर्क 'कास्ट' नावाच्या चाचणीने मोडला. तिची रचना नीट पाहावी. झटका येऊन गेलेल्या रुग्णांना आधी औषध देऊन पाहिलं आणि ज्यांचे जादा ठोके त्याने दबले, त्यांनाच पुढे घेतलं. म्हणजे औषध ज्यांना 'लागू पडलं' असं कुणीही म्हणालं असतं, तेच हे लोक. मग काहींना एन्काइनाइड किंवा फ्लेकाइनाइड आणि इतरांना हुबेहूब दिसणारी, औषध नसलेली गोळी. औषध घेणारेच जास्त दगावताहेत हे दिसल्यावर १९८९ साली ही दोन्ही औषधं चाचणीतून थांबवावी लागली. सरासरी १० महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ गेले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६.

असं का व्हावं? झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण राहतो आणि त्यात अधूनमधून जिवंत तंतू असतात. त्यांतून विजेची लहर रेंगाळत जाते. ती बाहेर येते तेव्हा आजूबाजूचा स्नायू नुकताच आकुंचन पावलेला असतो, नवी लहर घेत नाही, आणि ती तिथेच विझते. ही औषधं पेशीत शिरणारं सोडियम अडवून लहर आणखी मंद करतात. ती इतकी उशिरा बाहेर पडते की तोवर स्नायू पुन्हा तयार झालेला असतो. मग ती गोल गोल फिरू लागते आणि हृदय जीवघेण्या वेगाने धडधडतं. एकटेदुकटे जादा ठोके दाबणारा गुणच इथे घात करतो.

कुणी म्हणेल, औषधंच वाईट होती. तसं नाही. व्रण नसलेल्या, एरवी धडधाकट हृदयात फ्लेकाइनाइड आजही उपयोगी पडतं. आणि धोका या दोन औषधांपुरताही नाही. पोटॅशियमची वाट अडवणारं सोटॅलॉल ठोक्यानंतरची विश्रांती लांबवतं. ती फार लांबली, विशेषतः रक्तातलं पोटॅशियम कमी असताना, तर त्यातूनच नवी घातक लय सुरू होऊ शकते.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते तेव्हा, तर हीच समजूत थेट नुकसान करते. लय सरळ झाली म्हणून गुठळ्या टाळणारी, रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद केली जाते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ४,०६० रुग्णांच्या 'अफर्म' चाचणीत औषधांनी लय राखणारे हे नुसता वेग आवरणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. गुठळीमुळे ज्यांना पक्षाघात झाला, त्यांतल्या बहुतेकांचं वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध बंद तरी झालेलं होतं किंवा अपुरं पडत होतं. निदानानंतर लवकर लय सुधारण्याचा फायदा २०२० च्या 'ईस्ट' चाचणीने दाखवला, हे मान्यच करायला हवं. पण त्यातल्या बहुतेक रुग्णांची रक्त पातळ ठेवणारी गोळी चालूच होती.

अ‍ॅमिओडेरोन या लय राखणाऱ्या औषधाचं मोजमाप तर ईसीजीपुरतं ठेवताच येत नाही. त्याच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. माणसाची रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम. गोळीतलं थोडंच आयोडीन शरीरात मोकळं होतं, तरी थायरॉइड बिघडायला तेवढं पुरतं. म्हणून थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या ठरावीक काळाने करायच्या असतात, आणि नवा कोरडा खोकला किंवा दम लागला तर फुप्फुसं तपासायची असतात, ठोके कितीही सुरळीत असले तरी. वॉर्फरिनचा परिणामही ते वाढवतं, त्यामुळे वॉर्फरिनचा डोस कमी करावा लागतो. शरीरात अमिओडेरोन इतकं मुरतं की बंद केल्यावरही त्याचा अंश कित्येक महिने राहतो. त्या काळात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तर बंद केलेल्या या गोळीचं नावही त्यांना सांगायलाच हवं.