नोंदवहीतलं नाव

दाढ ठणकायला लागली की माणूस आधी लवंग शोधतो, मग डॉक्टर. पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारपेठेत दवाखान्याची पायरी चढताना पाटीवरचं नाव आपण वाचतो. नोंदणीच्या कागदाकडे मात्र लक्ष जात नाही. त्या कागदाला मुदत असते, आणि मुदतीलाही इतिहास आहे.

डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय सुरू केलं. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय १९३३ सालचं. तोवर गावोगावी दात काढायचे ते वैदू आणि अनुभवी कारागीर. बंगालने १९३९ साली दंतवैद्यांसाठी कायदा केला. देशभरासाठी तो १९४८ साली आला. आपला रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता.

या कायद्याने राज्यवार नोंदवही घातली आणि तिचे दोन भाग केले. ‘अ’ भागात मान्यताप्राप्त पदवीधर. ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. जुन्या हातांना असा मान मिळाला. त्यांच्यामागून येणाऱ्यांना मात्र शिक्षणाचीच वाट उरली.

नाव एकदा लागलं म्हणजे जन्माचं झालं, असंही नव्हतं. राज्य सरकारने तसा आदेश काढला की नूतनीकरणाची फी १ एप्रिलपूर्वी भरायची. चुकली, तर निबंधकाने नाव कमी करायचं. ठरलेल्या अटी पाळल्या की ते पुन्हा लागायचं. गैरवर्तनासाठी नाव काढण्याचं कलम वेगळं होतं. म्हणून फी राहून गेलेला डॉक्टर आणि भोंदू यांना एका तागडीत तोलू नये. पण वही वेळच्या वेळी तपासली नाही, तर मेलेल्यांची आणि धंदा सोडलेल्यांचीही नावं तिच्यात राहतात. मग रोग्याने विश्वास ठेवायचा कशावर?

याच कायद्यात एक अपवाद होता. वेळ तातडीची असेल आणि नोंदणी झालेला दंतवैद्य मिळत नसेल, तर कोणीही दात काढावा; मात्र भूल न देता. मुंबईत बसून हे कलम वाचणाऱ्याला हसू येईल. पेण-रोह्याच्या डोंगरातल्या आदिवासी वाडीवर रात्री दाढ धरून बसलेल्याला येणार नाही. दंतवैद्य सगळीकडे पोचलेला नाही, याची ती सरकारी कबुलीच होती.

पुढे नूतनीकरणाशी निरंतर शिक्षणाची अट जोडली गेली, म्हणजे फीबरोबर ज्ञानही ताजं हवं. १९४८च्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. देशभराच्या एकत्रित नोंदवहीची तरतूद त्यात आहे.

तेव्हा दवाखान्यात गेलात की नोंदणी क्रमांक आणि मुदत जरूर विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. आणि वाडीवरच्या माणसाला हा प्रश्न विचारण्यासाठी तरी जवळपास एखादा डॉक्टर असायला हवा.