ऐकणाऱ्याचे तोंड

गेल्या वर्षी तालुक्याच्या एका वाचनालयात मी लिहून नेलेले भाषण तासभर वाचले. विषय शिवकालाचा, म्हणजे झोप यावी असा मुळीच नव्हे. तरी विसाव्या मिनिटाला पहिल्या रांगेतल्या आजोबांची मान छातीवर टेकली, ती आभारप्रदर्शनाच्या टाळ्यांनीच वर आली. दोष त्यांचा नव्हता. पण तेव्हापासून एका प्रश्नाने मला पछाडले आहे. आमची वाडवडील मंडळी दिवसभर राबून रात्री कीर्तनाला बसत, ती जागी कशी राहत?

नारदीय कीर्तनाची घडण पाहिली की थोडा उलगडा होतो. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण. मध्ये भजन, बुक्का, बुवांच्या गळ्यात हार. आणि उत्तररंगात आख्यान. वेदान्त आधी, श्रोता ताजा असताना. गोष्ट मागून, डोळे जड झाल्यावर. ज्याने कोणी ही मांडणी बसवली, त्याला माणसाची झोप चांगलीच ठाऊक असली पाहिजे! वारकरी कीर्तनात मागचे टाळकरी चाल उचलून धरतात आणि एकाच आवाजाचा कंटाळा येऊ देत नाहीत.

पण श्रोत्याला खरे बोलते केले ते गाडगे महाराजांनी. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेला, शाळेची पायरी न चढलेला हा माणूस दिवसा खराट्याने गाव झाडी आणि रात्री त्याच गावापुढे वऱ्हाडी बोलीत कीर्तनाला उभा राही. निरूपण कसले, उलटतपासणीच ती! देव किती, असे ते विचारीत. लोक म्हणत, एक. मग तुमच्या गावात खंडोबा आहे का? आहे. मरीआई? आहे. भैरोबा? म्हसोबा? ‘आहे, आहे’ म्हणता म्हणता माणसे कधी अडकली ते त्यांनाही कळत नसे. मग शांतपणे पुन्हा तोच प्रश्न, आता देव किती झाले? नवसाची बकरी, कर्ज काढून केलेले सण, दारू, सगळ्यांचा न्याय असाच. प्रश्न झोंबू लागला की मध्येच ‘गोपाला’चा गजर. बुवाने सांगितलेले माणूस देवळाच्या पायरीवर विसरते. चारचौघांत स्वतःच्या तोंडाने कबूल केलेले मात्र घरापर्यंत मागोमाग येते.

१९५६ च्या डिसेंबरात बाबा गेले. त्याआधी थोडेच दिवस वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, ते आज मोबाइलवर ऐकता येते. माझे विद्यार्थी कानाला तारा लावून पॉडकास्ट ऐकतात. एकटा वक्ता बोलू लागला की ते पुढे सरकवतात, दोघांच्या गप्पा मात्र शेवटपर्यंत ऐकतात. मला वाटते, त्या दोघांतला एकजण ऐकणाऱ्याच्या वतीने प्रश्न विचारीत असतो. बाबांच्या कीर्तनात हे काम सारा जमाव करतो.

परवा फराळाच्या गडबडीत मी ते कीर्तन लावले. आई चकल्या तळत होती. तिचे लक्ष कढईकडे असेल, असे मी धरून चाललो होतो. बाबांनी जमावाला काही विचारले, आणि मोबाइलमधल्या लोकांनी तोंड उघडण्याआधी स्वयंपाकघरातून ठणठणीत आवाज आला, ‘नाही!’

मी दारात जाऊन उभा राहिलो, तशी ती ओशाळली. म्हणाली, “मला वाटलं, मलाच विचारतायत.”