ऊब, उष्णता आणि पाणी : पाणबुड्यांच्या पोशाखाच्या इतिहासाची दोन वाचने

थंड पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसाने आपल्या अंगातली ऊब कशी टिकवली, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडासाहित्याच्या दुकानातला वाटेल. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे का वळावे, अशी शंकाही कोणी घेईल. परंतु इतिहास कोणाच्या नावाने सांगितला जातो आणि त्यात कोण अनामिक राहते, हा आपल्या नित्य चर्चेचा विषय आहे. त्या दृष्टीने एका साध्या रबरी पोशाखाची कथा बरेच काही सांगून जाते असे आम्हांस वाटते.

प्रथम अडचण समजून घेऊ. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून नेते. 15 अंश सेल्सिअसची हवा आपल्याला सुखद वाटते. तितक्याच तापमानाच्या पाण्यात उघड्या अंगाने काही तास राहणे जीवावर बेतू शकते. तेव्हा पाण्याखाली जाणाऱ्याला श्वासाइतकीच उबेचीही तजवीज करावी लागते. तरीही या विषयाचे इतिहासकार श्वासाबद्दल भरभरून लिहितात आणि उबेबद्दल थोडके, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकाने काढलेला तोडगा म्हणजे पाणी अंगाला लागूच द्यायचे नाही. ऑगस्टस सीबे यांनी 1837 च्या सुमारास शिरस्त्राणाला जोडलेला बंद जलाभेद्य पोशाख सिद्ध केला. त्याच्या आत पाणबुडे लोकरीच्या कपड्यांचे थर चढवीत. ऊब मिळे, पण माणूस जड होई आणि वरून हवा पुरवणाऱ्या नळीला बांधलेला राही. 1943 साली फ्रान्समध्ये झाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून मागणीनुसार हवा देणारे उपकरण तयार केले, आणि ही नाळ तुटली. माणूस माशासारखा पोहू लागला. मात्र त्याच क्षणी थंडीचा प्रश्न नव्याने उभा राहिला. पोहणाऱ्याला जुना अवजड पोशाख चालणार नव्हता. लोकरीवर चढवलेला पातळ रबरी पोशाख एखाद्या खडकावर फाटला, की आत पाणी शिरे आणि भिजलेली लोकर काही कामाची राहत नसे.

येथे ह्यू ब्रॅडनर यांचे नाव येते. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केलेले हे पदार्थवैज्ञानिक पुढे बर्कले येथे संशोधन करीत होते. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांसाठी काय करता येईल याचा विचार करताना 1951 साली त्यांच्या मनात एक उलटा विचार आला : उबदार राहायचे तर कोरडे राहण्याची गरजच काय? उष्णता रोखतो तो वायू. तो वायू कपड्याच्या आणि त्वचेच्या मधल्या जागेत न ठेवता कपड्याच्या अंगातच, लक्षावधी बंद बुडबुड्यांत, कोंडून ठेवला तर पाणी आत आले तरी फारसे बिघडत नाही. विलर्ड बॅस्कम यांनी त्यासाठी फेसाळ निओप्रीन सुचवले. ड्युपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत 1930 साली निर्माण झालेले हे कृत्रिम रबर. त्यातून वेटसूट जन्माला आला.

अंगाला लागलेले पाणी तापते आणि तेच आपल्याला ऊब देते, असा समज आजही सर्रास आढळतो. तो अर्धवट आहे. ते पाणी अडून राहते, वारंवार बदलत नाही, एवढेच त्याचे काम. खरे रक्षण बुडबुडे करतात. म्हणूनच या पोशाखाला एक उपजत मर्यादाही आहे. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्म्यावर येतात, आणि जिथे पाणी अधिक गार तिथेच पोशाख अधिक पातळ होतो. त्यामुळे फार थंड किंवा फार खोल पाण्यासाठी आजही कोरड्या पोशाखाकडेच वळावे लागते. त्यात काही जण हवेऐवजी आरगॉन वायू भरतात, कारण तो हवेच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच उष्णता वाहतो.

ब्रॅडनर यांना या कल्पनेचे पेटंट मिळाले नाही. निओप्रीनमधल्या बुडबुड्यांमुळे पाणबुडे शत्रूच्या सोनारला सापडतील, अशी भीतीही व्यक्त झाली होती. दरम्यान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जॅक ओनील यांनी 1952 साली आपले दुकान थाटले, मायस्ट्रेल बंधूही याच धंद्यात उतरले, आणि वेटसूटचा जनक कोण यावर पुढे अनेक वर्षे वाद होत राहिला. 1998 मध्ये कॅरोलिन रेनी यांनी स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेच्या संग्रहातील पत्रव्यवहार तपासून कौल ब्रॅडनर यांच्या बाजूने दिला. पत्र सापडले, तारीख सापडली, कर्तृत्व सिद्ध झाले. इतिहासाचे हे पहिले वाचन. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

दुसऱ्या वाचनासाठी कोरियाकडे जावे लागते. तेथील जेजू बेटावरच्या हेन्यो, म्हणजे सागरस्त्रिया, पिढ्यान्‌पिढ्या टाकीशिवाय, केवळ छातीत कोंडलेल्या श्वासावर बुड्या मारून शिंपले आणि समुद्रवनस्पती गोळा करीत आल्या आहेत. 1970 च्या दशकापर्यंत त्यांचा पोशाख सुती असे. हिवाळ्यात कोरियाच्या किनाऱ्यावरील पाणी सुमारे 10 अंशांपर्यंत उतरते. सुक की हाँग आणि हर्मन रान या शरीरशास्त्रज्ञांनी या स्त्रियांचा अभ्यास करून 1967 साली त्यावर लेख लिहिला. त्यांच्या आणि पुढील अभ्यासांतून दिसले ते असे : हिवाळ्यात या स्त्रियांच्या शरीरातील मूलभूत चयापचयाचा वेग सुमारे 30 टक्क्यांनी वाढे, इतरांना जिथे हुडहुडी भरेल तिथे त्यांना भरत नसे. शरीरानेच जणू अदृश्य पोशाख विणला होता.

मग वेटसूट आले. जिथे हिवाळ्यात एका वेळी अर्धा तास पाण्यात काढणेही कठीण होते, तिथे काही तास काम करता येऊ लागले. हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा मोजमापे घेतली, तेव्हा 1980 च्या दशकाच्या आरंभापर्यंत ती अनुकूलता ओसरून गेल्याचे आढळले. जे शरीराने कमावले होते ते काही वर्षांत हरपले.

आणखीही एक गोष्ट मावळली. जेजूच्या किनाऱ्यावर दगडी भिंतींचा आडोसा करून पेटवलेल्या शेकोटीच्या जागा होत्या. त्यांना बुल्तोक म्हणतात. पाण्यातून आलेल्या स्त्रिया तिथे अंग शेकीत, कपडे बदलीत, मुलांना पाजीत. कोणी कुठे बसायचे ते कौशल्याच्या श्रेणीनुसार ठरे. नवख्या मुली तिथे समुद्राचे ज्ञान ऐकून शिकत आणि गावाच्या समुद्राविषयीचे निर्णयही तिथेच होत. 1932 साली जपानी वसाहतसत्तेच्या पिळवणुकीविरुद्ध जेजूच्या हजारो हेन्यो रस्त्यावर उतरल्या. तो संघटितपणा असल्याच एकत्र जगण्यातून आला असावा, असे आम्हांस वाटते. वेटसूट आले, गरम पाण्याची स्नानगृहे आली, आणि बुल्तोक ओस पडले. मराठीत उष्णता आणि ऊब हे दोन वेगळे शब्द आहेत. उष्णता मोजता येते. ऊब मात्र कोणाच्या तरी सोबतीने मिळते. हेन्योंना एक अधिक मिळाली आणि दुसरी कमी झाली, असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु हा मोह आवरला पाहिजे. गारठ्याचे काव्य किनाऱ्यावर बसलेल्यांना सुचते. सुती कपड्यांत हिवाळी समुद्रात उतरणे ही त्या स्त्रियांची निवड नव्हती, गरज होती. वाढलेला चयापचय म्हणजे रोज मोजलेली किंमत होती. त्यांनी वेटसूट स्वीकारला तो डोळसपणे. याचा पुरावा त्यांनी जे नाकारले त्यात आहे. हवेची टाकी उपलब्ध असूनही त्यांच्या समूहाने ती वापरायची नाही असे ठरवले. श्वासाची मर्यादा हीच समुद्र ओरबाडण्याची मर्यादा, हे त्यांना ठाऊक होते. वेटसूटमुळे कामाचे तास वाढले, तेव्हा कोणत्या दिवशी आणि किती काढायचे याचे नियम मच्छीमार सहकारी संघांतून पाळले गेले.

2016 साली युनेस्कोने हेन्यो संस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. 1970 च्या सुमारास जेजूवर 14 हजारांच्या आसपास हेन्यो होत्या. 2023 पर्यंत त्या 3 हजारांहून कमी उरल्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य साठी ओलांडलेल्या आहेत.

ब्रॅडनर यांच्या पत्रावर तारीख आहे, म्हणून त्यांचे श्रेय उशिरा का होईना मिळाले. टाकी नाकारण्याचा विचार ज्या स्त्रियांनी केला, त्यांच्यापैकी कोणाच्या नावाचे पत्र आपल्यापुढे नाही. तरी तोही एक शोधच होता : काय घ्यावे आणि कुठे थांबावे याचा. पोशाखाचा इतिहास लिहिताना या दुसऱ्या शोधालाही जागा मिळावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.